हद्दीवरचे दयाळ : फेब्रुवारी ते मे

९ फेब्रुवारी

आजपासून सुरुवात. अंगणात आणि कुंपणापलीकडे दिसेल तेवढ्या जागेत विणीच्या हंगामात कोण कोणाशी भांडतं आणि कोणाची कोणाशी जोडी जमते, ते रोज सकाळी पाऊण तास बसून लिहायचं, एवढंच काम. सगळे पक्षी टिपायचे नाहीत. मागच्या वर्षी ते केलं आणि एप्रिलपर्यंत वहीचं नुसतं हजेरीपत्रक झालं. या वेळी नजर दयाळांवर. बाकीचे येतील तसे.

दयाळच का, तर नर-मादी लांबूनही वेगळे कळतात. नर निळसर झाकेचा काळाकुळकुळीत आणि पांढरा. मादीची नक्षी तीच, पण काळ्याच्या जागी करडा रंग. बुलबुलांत हे जमत नाही, दोघं सारखेच दिसतात. शिवाय दयाळ हद्द धरून राहतो आणि उंच टोकावरून गातो, त्यामुळे बसल्या जागी त्याची हद्द कागदावर उतरवता येते.

अंगणाचा नकाशा हातानेच काढला आणि त्याच्या झेरॉक्स करून घेतल्या. रोज एक प्रत. गाणारा नर दिसेल तिथे गोल. दोन नर एकाच वेळी गात असतील तर त्या दोन गोलांमध्ये तुटक रेघ, म्हणजे हे दोघं वेगळे हे पक्कं. पक्षी मोजणारे ही पद्धत फार वर्षांपासून वापरतात, आणि तिची सगळी मेख त्या तुटक रेघेत आहे. आठ-दहा दिवसांच्या प्रती एकावर एक धरल्या की गोलांचे पुंजके दिसायला लागतात आणि पुंजक्यांच्या मधून हद्द.

वहीत चार रकाने आखले : वेळ, जागा, नराने काय केलं, मादी (दिसली तर बरोबरची खूण).

पायांत रंगीत कड्या घालता आल्या असत्या तर प्रश्नच नव्हता. त्याला प्रशिक्षण लागतं, परवाना लागतो. माझ्याकडे दोन्ही नाही, तेव्हा अंगच्या खुणांवर भागवायचं. सध्या दोन नर आहेत. गेटजवळच्या विजेच्या तारेवर बसतो तो तारवाला. त्याच्या शेपटीचं उजवीकडचं कडेचं पांढरं पीस अर्ध्यात तुटलंय. शेवग्याच्या शेंड्यावर बसतो तो शेवग्या. त्याला खूण नाही, तीच त्याची खूण.

१२ फेब्रुवारी

पहिलं पूर्ण गाणं. ६.१४, अजून नीट उजाडायचं होतं. हिवाळाभर दोघं इथेच होते, पण नुसतं 'स्वीऽऽ' असं केविलवाणं ओढत नाहीतर खर्र करत झुडपांतून फिरायचे. आज तारवाल्याने तारेवरून शीळ घातली, तीच दोनदा वळवून घेतली, मध्ये कोतवाल पक्ष्याची नक्कलही केली. दीड मिनिटाने शेवग्याने उत्तर दिलं. पहिली तुटक रेघ.

हवा अजून गारच आहे, तेव्हा उबेने गळा सुटला असं म्हणता येणार नाही. दिवस लांबतो तशी पक्ष्यांच्या अंगातली संप्रेरकं जागी होतात. कॅनडात विल्यम रोवन यांनी १९२०च्या दशकात ऐन हिवाळ्यात पिंजऱ्यातल्या जुन्को पक्ष्यांना रोज संध्याकाळी थोडा थोडा जास्त वेळ दिव्याच्या उजेडात ठेवलं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असतानाही त्यांच्या जननग्रंथी वसंतात असाव्यात तशा वाढल्या.

मादी : ✓

१६ फेब्रुवारी

दयाळ गप्प. जास्वंदीवर जांभळा शिंजीर, कपडे बदलता बदलता मध्येच बाहेर आल्यासारखा. विणीचा हंगाम नसताना हा नर मादीसारखाच मळकट पिवळा असतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ. आता त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना जांभळे-निळे ठिपके फुटलेत, पाठ अजून जुनीच. महिन्याभरात संपूर्ण चकाकेल. मात्र भांडायला तो तेवढं थांबायला तयार नाही. आजच एका पुऱ्या रंगलेल्या नराला त्याने दोनदा फुलांवरून पिटाळलं.

२० फेब्रुवारी

सकाळी काच खरवडल्यासारखा आवाज. तारवाला माझ्या स्कूटरच्या आरशाशी भांडत होता.

उजव्या आरशाच्या वरच्या कडेवर बसायचा, मान खाली घालून आत बघायचा. आत काळा-पांढरा नर. मग हँडलवर उतरून समोरासमोर. छाती पुढे, चोच आभाळाकडे, शेपटी पंख्यासारखी उघडलेली. आतलाही तेच करायचा. खरा नर असता तर या टप्प्यावर दोघांपैकी एकाने माघार घेतली असती. आतला घेत नव्हता. मग चोचीने काच ठोकणं आणि पायांनी झेपावणं. घसरून टाकीवर पडायचा आणि पुन्हा वर. असं सतरा मिनिटं चाललं. मध्ये दोनदा आरशाच्या मागे जाऊन बघितलं, तिथे कोणी नाही. ते मागे जाऊन बघणं मला सगळ्यात आवडलं.

याला मूर्ख म्हणायला जीभ धजावत नाही. इंग्लंडमध्ये डेव्हिड लॅक यांनी तिकडच्या रॉबिन पक्ष्याच्या हद्दीत नुसता लाल पिसांचा झुपका ठेवला, तरी नर त्याच्यावर धावून जायचा. डोकं नाही, पाय नाहीत, पण लाल छाती आहे ना, मग तो शत्रू. आरशातला तर नखशिखान्त दयाळ होता.

पण वीण सुरू व्हायच्या आधी त्याने अशी ताकद घालवणं बरं नाही. दोन्ही आरशांवर जुने पायमोजे चढवले. अर्ध्या तासात शेजारच्या काकूंची हाक : "अगं, तुझा तो काळा-पांढरा आता आमच्या खिडकीला लागलाय!" त्यांच्या काचेवर बाहेरून वर्तमानपत्र चिकटवून आले.

मादी : ✓ (सगळा वेळ भिंतीवर बसून)

२४ फेब्रुवारी

नऊ प्रती एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावल्या. दोन पुंजके स्पष्ट. हद्द पाण्याच्या टाकीजवळून निघते, जास्वंदीच्या कुंपणाला तिरकी छेदते आणि मागच्या आंब्यापाशी जाते. आंबा कोणाचा ते अजून ठरलेलं दिसत नाही, तिथे दोघांचेही गोल आहेत.

आज नेमकं तिथेच जुंपली. जुंपली म्हणजे कोणी कोणाला शिवलंसुद्धा नाही. दोघं आंब्याखाली जमिनीवर, मध्ये हातभर अंतर. तारवाला पिसं फुगवून चार पावलं टाकतो, शेवग्या तेवढीच मागे जातो. मग शेवग्या पुढे, तारवाला मागे. चोची वर, शेपट्या उघडलेल्या, दोघंही एकमेकांकडे कडेने बघतात, सरळ नाही. मध्येच दोघं एकदम थांबले आणि तारवाल्याने पानाखालचा एक किडा उचलून खाल्ला. लगेच पुन्हा छाती पुढे. तेरा मिनिटं. शेवटी शेवग्या उडाला, तारवाला आंब्याच्या फांदीवर चढून गायला.

तारवाल्याची सरशी, असं लिहिलं. दुपारी बघते तर आंब्यावर शेवग्या गातोय. 'सरशी' खोडलं.

२ मार्च

तिसरा नर. पिसांवर अजून करडा मळ, बहुधा गेल्या वर्षीचाच. रस्त्याकडून आला आणि विजेच्या खांबावर बसून अर्धवट शीळ घातली. तारवाल्याने त्याला जागेवरूनच हुसकला. काही मोर्चेबांधणी नाही, छाती काढून चालणं नाही, सरळ अंगावर. पिसं उडाली. एक पीस मिळालं, वहीत चिकटवलंय.

पुढचं जास्त महत्त्वाचं. पळता पळता तो शेवग्याच्या बाजूला गेला आणि शेवग्यानेही तेच केलं. रोज एकमेकांसमोर तेरा-तेरा मिनिटं नाटक करणारे दोघं परक्याला तेरा सेकंदही देत नाहीत. १९५४ मध्ये जेम्स फिशर यांनी अशा शेजाऱ्यांना 'प्रिय शत्रू' म्हटलं होतं. नंतर ध्वनिमुद्रणं वाजवून बऱ्याच जणांनी तपासलं : ओळखीच्या शेजाऱ्याचं गाणं त्याच्या नेहमीच्या बाजूने आलं तर पक्षी फारसा चिडत नाही, पण तेच गाणं भलत्या बाजूने वाजवलं की परक्यासारखाच उसळतो. म्हणजे कोण गातोय आणि कुठून गातोय, दोन्ही त्याच्या ध्यानात असतं.

मोबाइलवर गाणं वाजवून बघायचा मोह झाला. वाजवलं नाही. विणीच्या दिवसांत त्याला खोट्या शत्रूमागे पळवायचं म्हणजे आरशाचाच प्रकार, फक्त मुद्दाम केलेला.

५ ते ७ मार्च

ताप. नोंद नाही. पडल्या पडल्या गाणं ऐकू येत होतं, पण कोणाचं ते सांगता येणार नाही.

८ मार्च

दयाळासाठी प्लायवूडची पेटी टांगली, आंब्यावर सुमारे दहा फुटांवर. दयाळ घरटं उघड्यावर करत नाही. झाडाची ढोली, भिंतीतलं भोक, पाइप, असलं काहीतरी लागतं. पेटीचं भोक सहा सेंटिमीटर ठेवलं. चिमणीच्या पेटीचं ३२ मिलिमीटर ठेवतात, त्यातून दयाळ जात नाही. अडचण अशी की सहा सेंटिमीटरमधून साळुंकीही जाते. सुतारकाम करताना हे मला माहीत होतं. जाईल तर जाईल, म्हणून दामटलं.

१४ मार्च

गेली पेटी. साळुंक्यांच्या दोन जोड्यांत त्यावरून सकाळीच रणकंदन. दयाळांच्या हातभर अंतराच्या नाटकापुढे हे म्हणजे कुस्तीचा फड. चौघंही जमिनीवर, एकमेकांच्या पायात पाय अडकवून उताणे, पंखांनी धुरळा उडतोय, आणि बाकीच्या तीन साळुंक्या कडेने ओरडत प्रेक्षक. जिंकलेली जोडी पेटीच्या छपरावर बसून माना खालीवर करत दोन सुरांत बडबडली. दुपारपर्यंत आत गवत, चिंधी आणि एक प्लास्टिकचा तुकडा.

तारवाला तारेवरून बघत होता. गायला नाही.

१७ मार्च

आज बाहेर बसले नाही. महिन्याची वही घेऊन बसले आणि जे दिसलं त्याने वैतागले.

नराच्या रकान्यात दोनशेच्या वर ओळी. मादीच्या रकान्यात एकोणीस बरोबरच्या खुणा आणि कंसातलं एक वाक्य : 'सगळा वेळ भिंतीवर बसून'. आरशाची ती सतरा मिनिटं ती बघत होती. भिंतीवर बसून ती काय बघत होती, कुठून आली, नंतर कोणाच्या बाजूला गेली, यातलं काहीही मी लिहिलेलं नाही. आंब्याखालच्या त्या तेरा मिनिटांत ती कुठे होती? वहीत खूण आहे, म्हणजे होती कुठेतरी. जो आवाज करतो तो वहीत येतो, आणि मी त्यालाच 'काय घडलं' म्हणत होते. एवढं करून प्रकल्पाचं नाव काय, तर 'स्पर्धा आणि जोडी'! जोडी एकट्या नराची लावायला निघाले होते.

सुगरणीच्या बाबतीत अशी चूक होत नाही, कारण तिथे सगळं उघड्यावर चालतं. सालिम अलींनी किहीमला सुगरणींचं निरीक्षण करून १९३०च्या सुमारास लिहिलं : नर अर्धं घरटं विणतो, माद्या येऊन बघतात, एखादीला पसंत पडलं तर ती राहते, की हा दुसरं विणायला मोकळा. (नाव सुगरण, आणि विणतो नर. आपल्या भाषेने माझ्यासारखंच केलंय, फक्त उलट्या बाजूने.) दयाळात पसंतीचा देखावा नाही, म्हणून पसंतीच नाही असं मी गृहीत धरलं.

नवे रकाने : वेळ, मादी कुठे, काय करते, कोणाच्या हद्दीत, जवळ कोण. उद्यापासून पाऊण तास फक्त तिच्यामागे. नर कितीही ओरडो.

१९ मार्च

अवघड आहे. ती गात नाही, शेंड्यावर बसत नाही, भिंतीच्या सावलीला भिंतीच्याच रंगाची होऊन बसते. काल दोनदा हरवली. आज दुर्बीण खाली ठेवली आणि नुसत्या डोळ्यांनी हालचाल धरली, तेव्हा जमलं.

६.२२ : कुंपणाखाली, पालापाचोळ्यात. डाव्या पंखाच्या पांढऱ्या पट्ट्यात मधोमध एक करडं पीस. अखेर खूण मिळाली. नाव पट्टी.

६.३१ : आंब्यावर साळुंक्यांच्या पेटीसमोर. दोन वीत अंतरावरून बघितलं. साळुंकी बाहेर डोकावली, ही उडाली.

६.३४ : भिंतीत जुन्या मोरीचा बंद पडलेला पाइप आहे, चार इंच बाहेर आलेला. त्याच्या तोंडावर बसली. डोकं आत, शेपटी बाहेर. मग पूर्ण आत. चाळीस सेकंद. बाहेर आली, पुन्हा आत. तारवाला तारेवरून उतरून भिंतीवर आला, शेपटी उघडून वाकला, हळू आवाजात काहीतरी गुणगुणला. तिने लक्ष दिल्याचं दिसलं नाही.

६.४१ : ती टाकीच्या पलीकडे, म्हणजे सरळ शेवग्याच्या हद्दीत. मी महिनाभर कागदावर जी रेघ ठळक करत होते, ती तिने अशी ओलांडली जणू नाहीच. शेवग्या खाली आला. तोच पवित्रा, चोच वर, शेपटी पंखा. हल्ला मात्र नाही. शेवग्याच्या बुंध्यातली एक ढोली तिने बघितली. उथळ असावी, डोकं घालून लगेच काढलं.

६.५० : भिंतीवर परत. आणि इथे ती गायली! तीन-चार सुरांचा छोटासा तुकडा, तारवाला शेजारीच असताना. माझं लक्ष तिच्यावर नसतं तर हा तुकडा मी डोळे झाकून नराच्या रकान्यात टाकला असता. मग आतापर्यंत असे किती टाकले?

२१ मार्च

वाईट बातमी, म्हणजे वहीच्या दृष्टीने. माद्या दोन आहेत.

आंब्याखाली पट्टी होती आणि कुंपणातून दुसरी आली. तिच्या पंखाचा पट्टा स्वच्छ पांढरा. पट्टीने मान खाली घातली, पंख थोडे सोडले आणि सुटली. दोघी झुडपातून, टाकीखालून, पुन्हा झुडपात. आवाज जवळजवळ नाहीच, चोच वाजल्याचे दोन टिकटिक. दुसरी शेवग्याच्या बाजूला गेली. तारवाला आणि शेवग्या दोघंही आपापल्या टोकांवर गात होते. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडेच बघत बसले असते आणि नेहमीप्रमाणे एक खूण करून मोकळी झाले असते.

त्या एकोणीस खुणांत पट्टी किती आणि दुसरी किती, हे आता कशानेही कळणार नाही. पेनाने त्या सगळ्यांपुढे प्रश्नचिन्ह काढलं.

२६ मार्च

दयाळ सोडून अर्धा तास शिंपी पक्ष्याकडे बघितलं, कारण तो हाताच्या अंतरावर होता. जास्वंदीची दोन मोठी पानं. शिंपी पानाच्या कडेशी येतो, चोच टोचतो, बारीक भोक पडतं. मग कोळिष्टकाचा किंवा कापसाचा धागा त्यातून ओढतो, दुसऱ्या पानाच्या भोकातून काढतो. धाग्याला गाठ नसते. भोकाबाहेर तो पिंजून फुलतो आणि त्या बोंडामुळेच अडकून राहतो. एक टाका पाच प्रयत्नांत बसला. तीनदा धागा पडला, तीनदा तोच उचलला, चौथ्यांदा बसला असं वाटलं तर पान फाटलं. पान हिरवंच, झाडालाच, त्यामुळे बाहेरून घरटं आहे हे ओळखूच येत नाही.

नराच्या शेपटीची मधली दोन पिसं या दिवसांत लांब होतात. शिवणाऱ्याची तशी नव्हती. हे मी लगेच लिहून ठेवलं. शिकतेय.

२ एप्रिल

पट्टीने पाइप धरला. ५.५२ पासून तिच्या चोचीत वाळकी मुळं, दोरे, एकदा माझ्या केरसुणीची काडी. पाऊण तासात अकरा खेपा. तारवाल्याच्या शून्य. तो प्रत्येक खेपेला तिच्या मागून येतो, भिंतीवर बसतो, गातो, ती आत जाते, बाहेर येते, तो परत तिच्या मागे. काकू म्हणाल्या, "नुसतं देखरेखीला बरा आहे." त्याच्या बाजूने एवढं म्हणता येईल की या दिवसांत मादीच्या मागे असं फिरण्यात निव्वळ हौस नसते, दुसऱ्या नराला तिच्याजवळ फिरकू द्यायचं नसतं. पण तो सारखा मागे नसतो. सकाळी ६.२० ला शीळ आली आणि तो तारेवर गेला. त्या वेळात पट्टी टाकीपलीकडे. चार मिनिटं. शेवग्याही तिकडेच. मधे टाकी आल्यामुळे पुढचं दिसलं नाही.

ज्या पक्ष्यांना आपण एकपत्नी म्हणत आलो, त्यांच्या घरट्यांतही कधी कधी दुसऱ्याच नराची पिल्लं असतात. १९८७ मध्ये चिमण्यांवर डीएनएच्या ठशांची तपासणी झाली आणि तिथून हे एकेका जातीत उघड होत गेलं. माझ्या वहीत फक्त चार मिनिटं आणि एक टाकी आहे. तेवढंच लिहिते.

११ एप्रिल

पट्टी दिसेनाशी झाली. म्हणजे आत बसायला लागली. पाइपात डोकावायचं नाही असं ठरवलंय, मोबाइल आत घालून फोटो तर नाहीच. माणूस वारंवार गेला की घरटं सोडलं जातं, नाहीतर आपला माग काढत मांजर येते. अंडी चार की पाच ते कळलं नाही तरी चालेल. दयाळात उबवायचं काम एकटी मादी करते. ती साधारण अर्ध्या तासाने बाहेर येते, घाईने खाते, आत जाते.

तारवाल्याचं गाणं एकदम उतरलं. मार्चच्या मध्याला पाऊण तासातला बराचसा वेळ तो गायचा, आता मोजून सात-आठ मिनिटं. शेवग्या मात्र तसाच, उलट वाढलाय. जोडी जमली की गाणं कमी होणं बऱ्याच गाणाऱ्या पक्ष्यांत दिसतं. आता नुसतं कान देऊनही सांगता येईल की शेवग्याचं अजून जमलेलं नाही. जी दुसरी होती ती एप्रिलमध्ये एकदाच दिसली.

१५ एप्रिल

बुलबुलांनी कुंपणात वाटीसारखं घरटं केलंय. एक बुलबुल दुसऱ्यापुढे पंख थरथरवत, लाल बूड फुलवून बसला होता. नर कोणता ते विचारू नये.

शिंजीर आता पूर्ण काळा-जांभळा. गाताना पंख वर करतो तेव्हा काखेतले पिवळे-लाल झुपके दिसतात, एरवी ते दडलेले असतात. मादी तारेला घरटं लटकवतेय. जळमटं, साल, अळीची विष्ठा, सगळा कचरा. एकटीच.

२३ एप्रिल

पिल्लं निघाली. पट्टी चोचीत हिरवी अळी घेऊन पाइपात गेली, बाहेर आली ती पांढरी पुडी घेऊन (विष्ठेची; ती लांब नेऊन टाकतात). तारवालाही खाऊ आणतोय, हे पहिल्यांदाच. पाऊण तासात पट्टीच्या चौदा खेपा, त्याच्या नऊ. टोळ, अळ्या, एकदा पालीचं पिल्लू. ते आत मावेना, तेव्हा बाहेर येऊन भिंतीवर आपटलं आणि पुन्हा नेलं.

शेवग्या हद्दीवर आला, तारवाला चोचीत अळी धरूनच छाती काढून उभा राहिला. चोच वर केल्यावर अळी वळवळली. दहा सेकंदांत दोघांनीही आटोपतं घेतलं.

२९ एप्रिल

कोकीळ. काळा नर कावळ्यांच्या घरट्याजवळ गुलमोहरावर मोठमोठ्याने ओरडत बसला, दोन्ही कावळे त्याच्यामागे लागले. मला हसू आलं, कारण या वेळी मी नराकडे बघितलंच नाही. ठिपक्यांची मादी खालच्या फांदीवर पानांत होती. घरट्यात गेलेली मात्र दिसली नाही, मध्ये पाण्याचा टँकर आला.

७ मे

पाइपातून तीन पिल्लं बाहेर, छातीवर तांबूस ठिपके, शेपट्या बोटभर. एक उडता उडता खाली आलं आणि स्कूटरच्या आरशावर, त्या मोज्यावर जाऊन बसलं. नखं लोकरीत रुतली. फडफडतंय, पण सुटत नाही. तारवाला अंगावर धावून आला, माझ्या. मी मागे झाले. पट्टी हँडलवर उतरली, चोचीत काहीतरी होतं, पिल्लाला दिलं नाही, दोन फुटांवर जाऊन बसली आणि दाखवत राहिली. पिल्लाने जोर केला, मोज्याचा धागा उसवला, सुटलं. पायाला लोकरीचा धागा घेऊनच कुंपणात गेलं.

९ मे

धागा पायात नाही. बहुतेक तेच पिल्लू, तिघांत वेगळं सांगता येत नाही.

१२ मे

आज आरशांवरचे मोजे काढले. तारवाला वीस मिनिटांत आला. कडेवर बसला, आत बघितलं, मागे जाऊन बघितलं, पुन्हा आत. मोजे परत चढवले.

१६ मे

५.०५ : पट्टी भिंतीवर. तारवाला कुंपणात, दोन पिल्लं त्याच्यामागे चोची उघडून.

५.११ : पट्टी टाकीपलीकडे. शेवग्या गातोय. स्वच्छ पट्ट्याची दुसरी मादी त्याच्या झाडाच्या बुंध्याशी, चोचीत काही नाही. पट्टीने तिला पिटाळलं नाही, नुसतं बघितलं.

५.१९ : पट्टी पाइपाच्या तोंडावर. चोचीत वाळकं मूळ.